बुडालेल्या बांधावरचे शेकाटे

चैत्र सरत आला, की मुठेचं पाणी आटून पात्रातले काळे खडक उघडे पडतात आणि त्यांच्या कडेच्या चिखलात शेकाटे पक्षी उतरतात. परवा मंडईतून परतताना आम्ही दोघं पुलाच्या कठड्याशी जरा टेकलो. माझ्या हातात कैऱ्यांची पिशवी होती. खाली पाहून बायको म्हणाली, "अगबाई, काय पाय आहेत हे! चालतायत की काठ्यांवर तोल सावरतायत?" मी खाली पाहिलं आणि "चल, ऊन चढतंय," म्हणून पुढे झालो. ती मागून हसली. "ऊन कसलं चढतंय? दिवेलागण व्हायला आली!"

आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली. माझ्या साऱ्या खोडी तिला ठाऊक आहेत. पण लोणावळ्याच्या त्या एका वैशाखाबद्दल मी तिच्याशी कधी बोललो नाही. खरं तर कुणाशीच बोललो नाही.

दुसरं महायुद्ध पेटायला तेव्हा तीन-चार वर्षं अवकाश होता. मॅट्रिक झाल्यावर मला एका धरणाच्या कचेरीत हंगामी नोकरी लागली होती. धरणं दोन होती. एक वर डोंगराच्या कुशीत, दुसरं खाली खोऱ्यात. त्यांची नावं आणि जवळच्या वाडीचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत. माझं काम सोपं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ खालच्या धरणात रोवलेल्या लोखंडी पट्टीवर पाण्याची उंची वाचायची, वहीत मांडायची आणि वही कचेरीत नेऊन द्यायची.

मी बाजारात चिक्कीच्या एका दुकानावरच्या खोलीत राहत असे. पहाटे गुळाच्या पाकाच्या वासानं जाग यायची. सायकल काढून निघालो, की तुंगार्लीच्या बंगल्यांवरून रस्ता जाई. मुंबईहून हवा खायला आलेली माणसं व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या टाकून चहा पीत बसलेली असत. तिथून पुढे सडक संपून गाडीवाट लागे. दोन्ही अंगांनी करवंदाच्या जाळ्या, पायाखाली तांबडी धूळ आणि समोर लोहगड-विसापूर उन्हात धुरकटलेले. आजही कुठे पिकलेल्या करवंदाचा आंबूस वास आला, की सायकलची घंटा कानात वाजते आणि मागोमाग मनात काहीतरी खाली बसतं.

वैशाखात धरण ओळखू येत नसे. पाणी मागे हटत हटत मधल्या खोलगटात गोळा होई आणि काठानं रुंदच्या रुंद चिखल उघडा पडे. वरच्या अंगाला तो वाळून त्याला भेगा पडलेल्या, खालच्या अंगाला अजून लोण्यासारखा मऊ. शिंपल्या, कुजकं शेवाळ, मेलेल्या माशांचा उग्र दर्प. आणि त्या चिखलातून बुडालेली शेतं वर येत. भातखाचरांचे बांध, एका गोठ्याच्या भिंतीचे चार-दोन थर, आंब्याचा काळाठिक्कर बुंधा. ही कुणाची तरी शेतं होती हे मला कळत होतं, पण जाणवत नव्हतं. पाणी खाली गेलं, की अलीकडची पट्टी कोरडी पडे आणि पार आत जाऊन खालची पट्टी वाचावी लागे. ते बांध मला पट्टीकडे जायची सोयीची वाट वाटत.

अशाच एका सकाळी मी बांधावरून झपाझप चाललो होतो. डोक्यावर दोन-तीन पाखरं "किप्‌ किप्‌ किप्‌" करून कल्ला करत होती. तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "थांबा! पाय हाय तितंच ठिवा!"

मी एका पायावर थबकलो. आंब्याच्या बुंध्याशी एक म्हातारा उभा होता. गुडघ्यापर्यंत धोतर, उघडं अंग, डोईला मुंडासं.

"आता खाली बगा," तो म्हणाला.

माझ्या पायापासून वीतभर अंतरावर, बांधाच्या ढेकळांत, खडे आणि वाळल्या काड्या मांडून केलेल्या उथळ खळग्यात चार अंडी होती. मातकट रंगाची, वर काळे डाग. चारही अंड्यांची निमुळती टोकं आत वळलेली. जराही हललो असतो तर टाचेखाली आली असती.

"असं आनखी पाच ठिकानी हाय ह्या बांधावर," म्हातारा जवळ येत म्हणाला. "तुमी पट्टीवालं साहेब न्हवं? उद्यापासनं त्या गोठ्याकडनं जावा. वाट लांब पडंल, पन चुकनार न्हाई."

त्यांचं नाव गेनू आबा. खाचर त्यांचं, बांध त्यांचा, गोठाही त्यांचाच. धरण झालं तेव्हा ही सगळी जमीन पाण्याखाली गेली आणि वाडी उठून वर टेपाडावर बसली. मुलगा लोणावळ्याला रेल्वेत लागला. आबा मात्र दर उन्हाळ्यात, पाणी ओसरलं की रोज खाली उतरत आणि दिवसभर आपल्या शेतात बसून राहत. "करता काय इथे?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. तर म्हणाले, "करायचं काय? आंबेमव्हर पिकत हुता हितं. आता ही पाखरं पिकत्यात. ती राखायची."

ते पाखरू म्हणजे शेकाट्या; त्याला पाहायला मला आबांनी शिकवलं. तोवर मी पाखरू म्हणजे कावळा-चिमणी एवढंच जाणणारा. अंगानं तो पारव्याएवढाच, पण पायांमुळे दुप्पट उंच दिसतो. पोट, मान पांढरीशुभ्र. पंख काळे आणि उन्हात त्यांच्यावर हिरवट झाक. मादीचे पंख जरा तपकिरीकडे झुकणारे. चोच सुईसारखी सरळ आणि काळी, डोळा लालभडक. आणि ते पाय! डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचे, काडीएवढे बारीक. उडताना ते शेपटीच्या मागे लांबच लांब लोंबकळत राहतात, जणू उचलून घ्यायचे विसरून गेलाय. या पायांचं मला पहिल्यांदा हसू आलं. आबा म्हणाले, "हसू नका. दुसरी पाखरं काठाला चिखल उकरत्यात, आन ह्यो पार पोटाबरूबर पान्यात जातो. तितलं किडं ह्याच्याशिवाय कुनाला न्हाईत."

ते खरंच होतं. शेकाट्या पाण्यात एकेक पाऊल उचलून टाकी, गढूळ न करता. पाण्यावर तरंगणारा किडा दिसला, की मान झरकन खाली जाई आणि टिपून वर येई. कधी अख्खं डोकं पाण्यात बुडवून तळाच्या चिखलातली गोगलगाय, एखादी अळी काढी. पाण्यात तो असा रुबाबदार, पण कोरड्यावर त्याची फजिती. जमिनीवरचा किडा टिपायचा तर चोच पोचत नाही. मग गुडघे मागे वाकवून, सगळं अंग पुढे कलवून, पडतो की काय असं करत त्याला तो घास घ्यावा लागे.

दुपारी सगळं खोरं तापून निघे तेव्हाची एक गोष्ट मी विसरणार नाही. नर-मादी पाळीपाळीनं अंडी उबवत. बदली व्हायच्या आधी येणारा शेकाट्या पाण्यात उतरे, पायांची घडी करून पोट बुडवी, पिसं चिंब करी आणि तसाच ठिबकत येऊन अंड्यांवर बसे. उन्हात अंडी उकडू नयेत म्हणून. आबा हे मला बोट दाखवून सांगत तेव्हा त्यांचा आवाज आपोआप हलका होई. त्यांची सून सोनाबाई भाकरी घेऊन येई. ती म्हणे, "आमच्या मामंजींना पाखरांची कवतिकं. घरी पानी कोन भरतं ते न्हाई दिसत त्येंना." पण तीही भाकरी सोडताना बांधाकडे एक नजर टाकीच. घार उतरली, की तिघंही हातातलं टाकून "हाऽड हाऽड" करत उठत असू.

आबांनी दिवस धरले होते. म्हणाले, "बारा-तेरा दिस ऱ्हायलं. पिल्लू निगालं की त्याच दिवशी पळाया लागतं. मग पानी येऊ दे न्हाईतर काई बी येऊ दे."

त्यानंतर पाच दिवसांनी हुकूम आला. वरच्या धरणाच्या दाराची दुरुस्ती काढायची होती. पावसाळ्याच्या आत ते रिकामं करायचं आणि त्यातलं पाणी वाया न दवडता कालव्यानं खालच्यात घ्यायचं. पाणी परवा सकाळी सुटणार होतं. मी दिवसभर पट्टीपाशी थांबून तासातासाला उंची लिहायची होती.

संध्याकाळी मी ते आबांना सांगितलं. त्यांनी बांधाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बांधावर यील?"

"येईल. दुपारपर्यंत."

"आठ दिस थांबलं तर?"

मी वही काखेत घेतली.

"भाऊसाहेब, तुमी साहेबाच्या रोजच्या बसन्या-उठन्यातलं. येवढं इचारून बगा. आमची जिमीन गेली तवा आमी काई मागाया गेलो न्हाई. कुटं जायाचं आन काय बोलायचं, त्येच ठावं न्हवतं. ह्ये मागतो. आठ दिस."

मी म्हणालो, "विचारतो, आबा. उद्याच विचारतो." अगदी मनापासून म्हणालो. त्या क्षणी मी खोटं बोलत नव्हतो, एवढंच आज माझ्या बाजूनं सांगता येईल.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन कचेरीत गेलो. आमचे साहेब कोकणातले, इंजिनियर, मितभाषी. ते कधी कुणावर ओरडल्याचं आठवत नाही, पण त्यांच्या खोलीत शिरताना सगळे टोपी सारखी करत. माझी नेमणूक हंगामी होती आणि कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर पडला होता. वाटेत मी वाक्यं जुळवत आलो होतो. 'साहेब, पाणी आठ दिवस उशिरा सोडता येईल का?' का? 'पाखरांची अंडी आहेत.' इथवर आलं, की मला हेडक्लार्कचा चेहरा दिसे. दाराबाहेरच त्यांचं टेबल. ते हे ऐकणार, संध्याकाळपर्यंत सगळ्या कचेरीला सांगणार आणि मग मी जन्मभर 'अंडीवाला' होणार.

साहेबांनी वही पाहिली, सही केली, परत दिली. मी तिथेच उभा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काही आहे का?"

पंख्याची दोरी कुरकुरत होती. बाहेर हेडक्लार्क पान लावत होते.

"नाही साहेब. उद्या किती वाजता हजर राहू ते विचारायचं होतं."

"सातला," ते म्हणाले.

बस, एवढंच. यापलीकडे काही घडलं नाही.

त्या संध्याकाळी मी धरणावर पट्टी वाचायला गेलो ते मुद्दाम उशिरा, आबा वर गेल्यावर. सकाळी सातला मात्र ते माझ्या आधी हजर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. त्यांनी ओळखलं, म्हणजे त्यांना जे ओळखायचं होतं ते ओळखलं.

पाणी काही लोंढ्यानं आलं नाही. लोंढा असता तर बरं झालं असतं. ते बोटाबोटानं चढत होतं. चिखलाच्या भेगांतून आधी बुडबुडे आले, मग भेगा भरल्या, मग सपाट चिखल चकाकायला लागला. शेकाट्यांना ते माझ्याही आधी कळलं. बसलेली पाखरं उठली आणि काड्या, शेवाळ, खडे चोचीनं ओढून अंड्यांखाली सारायला लागली. पाणी बोटभर चढे, ती घरटं बोटभर उचलत. एवढ्या घाईतही अंडी नीट मध्ये ठेवत होती. मी नऊचा आकडा लिहिला. मग दहाचा.

आबा पाण्यात उतरले. हातानं ढेकळं काढून घरट्यांभोवती रचायला लागले, गोठ्याचे दगड उचलून आणायला लागले. सोनाबाई काठावरून ओरडत होती, "मामंजी, वर या! छाती भरंल तुमची!" त्यांचं लक्ष नव्हतं. मी पट्टीशी उभा होतो. मला तासातासाला लिहायचं होतं. अकराच्या आकड्यानंतर मी वही काठावरच्या दगडाखाली ठेवली आणि पाण्यात शिरलो, पण तोवर दोन घरटी गेली होती. शेवटी आबांनी उरलेली अंडी धोतराच्या सोग्यात घेतली आणि वर कोरड्यावर तसेच खळगे करून त्यांत मांडली. टोकं आत करून, जशी होती तशी. आम्ही लांब जाऊन बसलो. पाखरं अंड्यांकडे फिरकली नाहीत. जिथे बांध होता तिथल्या पाण्यावर ती घिरट्या घालत राहिली, पाय लोंबकळत, ओरडत. उतरायला जागा शोधत होती आणि जागा त्या पाण्याखाली होती.

वहीतला बाराचा आकडा पट्टीवर वाचलेला नाही. तो मी नंतर अंदाजानं लिहिला.

दिवस कलल्यावर आबांनी मुंडासं पिळलं. माझ्या खांद्यावर ओला हात ठेवून म्हणाले, "साहेबानं न्हाई म्हनलं, व्हय ना? म्हनूद्या. त्येंचं बी काई काम असंल. तुमी बोललासा, ह्येच लय झालं. आमच्या वतीनं आजवर कोन बोललं न्हवतं."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्या माणसाजवळ त्या दिवशी दुसरं काही उरलं नव्हतं, आणि उरलेलं तेवढंही काढून घ्यावं असं मला वाटेना. हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं. खरं कारण त्याहून लहान होतं. तो हात खांद्यावरून निघून जाऊ नये, असं वाटत होतं.

पुढे पावसाळा लागला. वाडीतली माणसं मला वाटेत थांबवून रामराम करायला लागली. सोनाबाईनं एकदा सायकलच्या दांडीला काकड्यांची पिशवी अडकवली. विचारलं तर म्हणाली, "मामंजींनी सांगितलंय. आपल्यासाटी साहेबाम्होरं उभं ऱ्हायलं म्हने तुमी." आबांना त्या पाण्यापासून खोकला धरला होता. मी जाणं टाळत होतो. धरण काठोकाठ भरलं होतं आणि बांध कुठे होता ते मलाही सांगता आलं नसतं.

दसऱ्याच्या सुमारास आबांचा निरोप आला. गेलो तर ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते, भोवती वाडीतली सात-आठ माणसं. प्रश्न वाटेचा होता. धरणाच्या भिंतीवरचं दार कायम कुलपात असे. त्यामुळे मोळ्या नि गवताचे भारे घेऊन लोणावळ्याच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांना सगळ्या पाण्याला वळसा घालावा लागे. दार दिवसा उघडं ठेवावं, एवढीच विनंती होती. पण साहेबांशी बोलणार कोण, यावर सगळे अडले होते.

"ह्ये बोलतील," आबा खोकत म्हणाले. "मागं बी ह्यांनीच बोलून बगितलं हुतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरांना पाठ दाखवून उठणं मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहीवर सही झाल्यावर मी खोलीचं दार उघडं असतानाच, हेडक्लार्कना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. "सकाळी सहा ते संध्याकाळी सहा उघडं ठेवा," ते म्हणाले. "गुरं न्यायची नाहीत, एवढं बजावा." आणि पुढच्या कागदाकडे वळले. पट्टी वाचायला याहून जास्त वेळ लागतो.

मी हललो नाही. त्यांनी पुन्हा वर पाहिलं तेव्हा मी म्हणालो, "साहेब, वैशाखात पाणी सोडलं, तेव्हा बांधावर पाखरांची अंडी होती. आठ दिवस थांबता आलं असतं का?"

ते हसले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, "आठ दिवस? थांबलो असतो की. दुरुस्तीचं सामान मुंबईहून यायलाच पंधरवडा लागला. वरचं धरण रिकामं पडून होतं." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "तेव्हाच का नाही बोललात?"

मी वही उचलून बाहेर आलो.

त्या संध्याकाळी मी वाडीवर गेलो तो सगळं सांगायचंच असं ठरवून. दाराची बातमी माझ्या आधी पोचली होती. सोनाबाई दोन बायकांबरोबर भिंतीवरून चालून पाहून आली होती आणि हसत होती. आबा आत खाटेवर पडले होते. मला पाहून उठायला लागले. मी त्यांना निजवलं आणि शेजारी टेकलो. त्यांनी माझा हात धरला. तळवा तापानं कढत होता.

"आबा," मी म्हणालो, "मला एक सांगायचंय."

"काय सांगताय, समदं कळलं," ते म्हणाले. "बगा भाऊसाहेब, येकदा न्हाई म्हनला म्हनून मानूस थांबला, की संपलं. तुमी थांबला न्हाईसा. दुसऱ्यांदा गेलासा, आन दुसऱ्यांदा त्येनं ऐकलं."

सोनाबाईनं पितळीत चहा आणून दिला. मी तो प्यायलो. आबा त्याच पंधरवड्यात गेले. मी साहेबांपुढे दुसऱ्यांदा नव्हे, पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.